काळं शौच, लाल लघवी, हिरवी उलटी: घाबरायचं कुठे आणि धावायचं कुठे

गरोदर बाईला आशाताई लाल गोळ्यांची पाकिटं देते. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, रोज एक अशा घ्यायच्या असतात. चार-पाच दिवसांत शौचाचा रंग काळा होतो. बाई घाबरते, सासूच्या कानावर घालते. सासू म्हणते, "उष्ण पडली तुला ती गोळी, बंद कर." मग उरलेली पाकिटं फडताळात नाहीतर थेट उकिरड्यावर जातात. सोनपेठ असो की जिंतूर, परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही आशाताईला विचारा, ही तक्रार तिने ऐकलेली असते.

आता त्याच घरातले आजोबा घ्या. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या सुट्या वेदनाशामक गोळ्या ते महिनोन्‌महिने खात असतात, त्याही कधी उपाशीपोटी. एके दिवशी त्यांचं शौचही काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं असतं. पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहतं. ते कुणाला सांगत नाहीत. उठताना चक्कर येते, तेव्हा "उन्हाचा त्रास" म्हणून पडून राहतात.

सुनेच्या शौचाला रंग आला तो न शोषल्या गेलेल्या लोहाचा. त्यात वाईट काहीच नाही. आजोबांच्या जठरात मात्र वेदनाशामक गोळ्यांनी व्रण पडून रक्त वाहत असण्याची दाट शक्यता आहे. ते रक्त आम्लाने आणि आतड्यातल्या जिवाणूंनी काळं होऊन बाहेर येतं. दोघांचा रंग एकच. घाबरायचं कारण नव्हतं तिथे औषध बंद झालं आणि धावत दवाखाना गाठायचा होता तिथे सगळे गप्प बसले. लघवी, शौच, थुंकी, उलटी यांच्या रंगांबाबत आपल्याकडे बहुतेक नुकसान होतं ते या उलट्या हिशेबामुळे.

सुनेच्या गोळ्यांचं आधी संपवू. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि गरोदर बाईला ते लागतंच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या साथीने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली. घरच्या भाकरीतून लोह वाढवण्याचा तो चांगला मार्ग आहे, पण गरोदरपणातली गरज नुसत्या भाकरीने भागत नाही. शौच काळं-हिरवट पण बांधलेलं असेल, त्याला डांबरासारखा चिकटपणा आणि उग्र दर्प नसेल, तर गोळी निर्धास्त चालू ठेवावी. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहासोबत मात्र घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. शाळेतल्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीचं आणि लहान मुलांच्या गुलाबी गोळीचंही तेच. त्यांच्यातही लोह आहे, शौच काळं होणारच.

रंग मुळात येतो कुठून, हे कळलं की बरीच भीती आपोआप कमी होते. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात सोडतं आणि पित्त आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याचं रूप पालटतात. त्यातला एक भाग शौचाला तपकिरी रंग देतो, दुसरा भाग रक्तात परत शोषला जाऊन लघवी पिवळी करतो. जिवाणूंमधलं नेमकं कोणतं विकर हे काम करतं, ते तर २०२४ मध्येच अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून काढलं. म्हणजे शौच आणि लघवी या दोन्हींचा रोजचा रंग एकाच पित्ताचा. पित्ताची वाट अडली की शौच पांढुरकं पडतं आणि लघवी गडद होते, कारण खाली न उतरलेलं बिलिरुबिन रक्तात चढून मूत्रपिंडावाटे बाहेर पडू लागतं. हे दोन बदल एकाच वेळी दिसले तर थांबायचं नाही.

पाहायचं कसं, हाही प्रश्न आहे. गावोगाव घरात संडास झाले, पण कित्येकांत दिवा नसतो, आणि काम उरकलं की पहिला हात पाण्याच्या डब्याकडे जातो. पाणी ओतण्याआधी एक नजर टाकायची सवय घरातल्या सगळ्यांना हवी. लघवीचा रंग संशयास्पद वाटला तर ती स्वच्छ, रंगहीन काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात पाहावी. स्टीलच्या भांड्यात रंग कळत नाही. मोबाइलने फोटो काढून ठेवला तर डॉक्टरांना सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत. यात लाजण्यासारखं काही नाही. आयुर्वेदाच्या अष्टविध परीक्षेत नाडीच्या जोडीला मूत्र आणि मल यांना मानाचं स्थान आहे.

परभणीचा उन्हाळा अवघड असतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांच्या पुढे जातो, आणि त्या उन्हात शेतात, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबणाऱ्याची लघवी दुपारपर्यंत गडद पिवळी होते. शरीर पाणी मागतंय, इतकाच त्याचा अर्थ. फिकट पिवळी लघवी होईपर्यंत पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घेत राहावं. जळजळ होऊ लागली की "उन्हाळी लागली" म्हणतात आणि सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. त्याने अपाय नाही. पण दोन दिवसांत उतार पडला नाही, लघवी गढूळ झाली, वास येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, तर ती उन्हाळी राहिली नाही, जंतुसंसर्ग झाला. तो मूत्रपिंडापर्यंत चढायला वेळ लागत नाही. गरोदर बाईने तर दोन दिवसही वाट पाहू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं दुखणं याहून खोल आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दरवर्षी जोडपी ऊसतोडीला जातात. फडावर आडोसा नसतो, म्हणून बाई पाणीच कमी पिते आणि लघवी तासन्‌तास रोखून धरते. गडद लघवी तिच्या इतकी सवयीची होते की ती तक्रार म्हणून सांगतही नाही. मुकादमाने पाण्याचा ड्रम आणि आडोशाचा संडास पुरवायला हवा, ही मागणी जशी मजुरांच्या हक्काची आहे, तशीच ती वैद्यकीयही आहे.

लाल लघवीकडे वळू. बीट खाल्ल्यावर साधारण दहातल्या एकाची लघवी गुलाबी होते, शौचही लालसर दिसतं, आणि एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं. लाल माठाची भरपूर भाजी किंवा रंग घातलेले गोळे-सरबतं यांनीही असं होऊ शकतं. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: काल काय खाल्लं? उत्तर सापडलं नाही तर लाल लघवी म्हणजे रक्तच समजून चालावं. एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग बदललेला डोळ्यांना दिसतो, इतकं ते थोडं असू शकतं.

कमरेपासून जांघेकडे उतरणारी कळ आणि लाल लघवी असेल तर बहुधा मुतखडा. उष्ण भागात, कमी पाण्यावर राहणाऱ्यांना तो जास्त होतो. दुखतं म्हणून माणूस लगेच दवाखान्यात येतो, हे त्यातलं चांगलं. खरी भीती आहे न दुखता जाणाऱ्या रक्ताची. पन्नाशीच्या पुढचा, बिडी-सिगारेट ओढणारा माणूस एक दिवस लाल लघवी पाहतो, दुसऱ्या दिवशी ती आपोआप स्वच्छ होते, आणि तो विसरून जातो. मूत्राशयाच्या कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. रक्त थांबलं म्हणून कारण गेलं असं होत नाही. एकदाच दिसलं तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

लहान मुलांचा लाल रंग वेगळी गोष्ट सांगतो. पावसाळ्यात अंगावर खरूज, पुळ्या, पिकलेले फोड येतात, किंवा घसा धरतो. ते बरं होतं. एक ते सहा आठवड्यांनी मूल सकाळी उठतं तेव्हा डोळ्यांभोवती सूज असते, लघवी कमी आणि काळ्या चहासारखी होते. घसा किंवा कातडी बिघडवणाऱ्या जंतूंविरुद्ध शरीराने उभारलेली फळी मूत्रपिंडाच्या चाळण्यांना इजा करते, त्यातून हे होतं. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण मधल्या काळात रक्तदाब एकदम चढून झटके येऊ शकतात. म्हणून अशा मुलाचा रक्तदाब त्याच दिवशी मोजला गेला पाहिजे. "पाणी कमी प्यायलं असेल" म्हणून त्याला बळेबळे पाणी पाजणं उलट घातक ठरतं.

शौचातल्या ताज्या लाल रक्ताचं नाव आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं: मूळव्याध. रस्त्याकडेच्या पाट्या सुई-धाग्याने, इंजेक्शनने, "ऑपरेशनविना" ती बरी करण्याचं वचन देतात. पुष्कळांना ती मूळव्याधच असते, हे खरं. पण आतड्याच्या शेवटच्या भागातला कर्करोगही असंच लाल रक्त देतो, आणि बोटाने तपासल्याशिवाय किंवा दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या शौचाच्या सवयी बदलल्या, वजन घटलं, रक्त शौचात मिसळून येऊ लागलं, तर पाटीवाल्याकडे न जाता सर्जनकडे जावं. मुलांना पोटात मुरडा येऊन आव आणि रक्त पडत असेल तर ती रक्ती आव, तिला डॉक्टरांनी दिलेलं औषध लागतं. आणि तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर पटकीचा संशय धरून तत्काळ ओआरएस सुरू करायचं आणि पाजत-पाजतच रुग्णालयाकडे निघायचं.

कावीळ हा या सगळ्यातला सर्वात ओळखीचा रंग, आणि सर्वात जास्त फसवणुकीचाही. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे मधल्या काळात नळवाहिनी रिकामी राहते, आणि जिथे ती गळते तिथून गटाराचं पाणी आत शिरतं. त्यातून हिपॅटायटिस ए आणि ई चे विषाणू घरोघर जातात. इचलकरंजीत २०१२ मध्ये अशीच हिपॅटायटिस ई ची मोठी साथ आली होती. डोळे पिवळे होण्याच्या काही दिवस आधीच लघवी गडद होते, मोहरीच्या तेलासारखी. सोबत मळमळ असते, अन्न नकोसं होतं. भरपूर पाणी पिऊनही लघवी गडदच राहत असेल तर कारण ऊन नव्हे.

मग कुणीतरी "कावीळ उतरवणाऱ्या"चा पत्ता देतं. तो रोग्याच्या हातांवर स्वतःचे हात चोळतो, मग चुन्याच्या निवळीत ते धुतो, आणि परातीतलं पाणी सगळ्यांसमोर पिवळंधमक होतं. कावीळ बाहेर पडल्याचं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खरं काय घडतं, ते अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव करून दाखवत आले आहेत: हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, आणि त्याला चुना लागला की तो पिवळा होतो. ज्याला कावीळ नाही त्याच्या हातांचंही पाणी पिवळंच निघतं. दुसरा प्रकार नाकात देवडांगरीसारख्या कडू फळाचा रस टाकण्याचा. नाकातून धो-धो पिवळं पाणी वाहतं. ते नाकाच्या आतली त्वचा सोलवटून निघालेलं पाणी असतं, त्यात यकृतातलं काही नसतं. हिपॅटायटिस ए बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, म्हणून श्रेय त्या परातीला मिळतं. ज्याला पित्तनलिकेतला खडा असतो, ज्याच्या यकृतावर दारूचा घाला असतो, त्याचे महत्त्वाचे दिवस मात्र तिथे वाया जातात. गरोदर बाईला तर हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. तिची लघवी गडद होऊन डोळे पिवळे झाले तर पहिला मुक्काम रुग्णालय, दुसरा कुठलाच नाही.

बाळाच्या बाबतीत शी-लघवीचा रंग सगळ्यात मोलाचा ठरतो. मराठवाड्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाळाची दुपटी-लंगोट आजी धुते. त्यामुळे बाळाच्या शीचा रंग सर्वांत आधी तिला कळतो. पहिले दोन दिवस शी काळी-हिरवी, चिकट असते, मग हिरवट आणि नंतर पिवळी होते. अधूनमधून हिरवी झाली तरी बिघडत नाही. पहिल्या दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर तो बहुधा लघवीतल्या क्षारांचा असतो, बाळाला दूध वाढवायला हवं हे त्यातून समजावं. मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात अंगावरून रक्ताचा एखादा थेंब जाऊ शकतो, आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम आपोआप थांबतो.

पण बाळ दोन आठवड्यांचं झालं तरी डोळे पिवळेच, शी पांढुरकी, भिजवलेल्या मातीसारखी, आणि लघवीने लंगोटावर पिवळा डाग पडतो, असं दिसलं तर आजीने आवाज उठवायचा. एवढ्या लहान बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते, तिचा डाग पडता कामा नये. बाळाच्या पित्तनलिका बुजत चालल्याचं हे लक्षण असू शकतं. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात यासाठी शस्त्रक्रिया शोधली. आज ती त्यांच्याच नावाने होते, पण बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली राहते. तैवानने २००४ पासून प्रत्येक नव्या आईच्या हाती शीच्या रंगांचं छापील कार्ड द्यायला सुरुवात केली. घरच्या घरी रंग ताडून पाहता येऊ लागला आणि ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. आपल्याकडे आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. चौदाव्या दिवसानंतरच्या प्रत्येक भेटीत तिला बाळाचं न धुतलेलं दुपटं दाखवावं. असं कार्ड आपल्या माता-बाल संरक्षण पुस्तिकेतही असायला हवं. छपाईचा खर्च किरकोळ आहे, आणि त्यातून एका बाळाचं यकृत वाचलं तरी तो वसूल होईल.

बाळांच्या बाबतीत आणखी दोन रंग आजी-आईने पाठ करून ठेवावेत. नवजात बाळाला हिरवी, पित्ताची उलटी झाली तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, आणि त्यात तासांचा प्रश्न असतो. घुटी, ओवा, दृष्ट काढणं यात तो वेळ घालवू नये. आणि सहा-आठ महिन्यांचं मूल थांबून-थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग लाल रक्तमिश्रित शेंबडासारखी शी करतं, तेव्हा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असण्याची शंका धरावी. वेळेत पोचलं तर पुष्कळदा पोट न फाडताही ते सुटतं.

छातीतून येणाऱ्या रंगांची कथा थोडी वेगळी. हिरवा-पिवळा बेडका पडला की मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक घेण्याची रीत पडली आहे. साध्या सर्दीतही शेंबूड तीन-चार दिवसांनी पिवळा-हिरवा होतोच, कारण लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा रंगच हिरवट असतो. त्यावरून औषध ठरत नाही. गंजासारखा बेडका, ताप आणि श्वास घेताना छातीत कळ असेल तर न्यूमोनिया. गुलाबी, फेसाळ थुंकी आणि आडवं झाल्यावर दम लागणं म्हणजे हृदय थकल्याची खूण, तिथे लगेच रुग्णवाहिका बोलवावी. पान-गुटखा खाणाऱ्याची लाल थुंकी आणि खोकल्यातून आलेलं रक्त यांत घोटाळा होतो. तोंड धुऊन, पानाशिवाय पुन्हा थुंकून पाहिलं की तो मिटतो. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर नाकातून काळपट स्राव आणि गालावर बधिरपणा घेऊन अनेक मधुमेही रुग्ण आले, ती काळी बुरशी होती. साखर ताब्यात नसलेल्या माणसाने नाकातला काळा रंग आजही हलक्यात घेऊ नये.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि थुंकीत रक्त असेल तर क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. औषधं सुरू झाली की लघवी केशरी होते, घाम आणि आसवंही केशरी होतात. पांढऱ्या बनियनवर डाग दिसतात आणि रोगी समजतो की गोळ्या अंगातून रक्त काढतायत. हा रिफाम्पिसिन या औषधाचा स्वतःचा रंग आहे. तो दिसतोय याचा अर्थ औषध शरीरात पोचतंय. या भीतीने उपचार अर्धवट सोडणारा माणूस औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाला आमंत्रण देतो. उपचार संपेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपयेही मिळतात. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, तीही निरुपद्रवी आहे.

पांढऱ्या रंगाने जितका मनस्ताप दिला तितका दुसऱ्या कुठल्या रंगाने दिला नसेल. तरुण मुलगा लघवीत पांढुरकेपणा पाहतो आणि "धात जाते" या विचाराने खचतो. अशक्तपणा, कंबरदुखी, अभ्यासात लक्ष न लागणं, सगळं तो तिथे जोडतो. बसस्टँडच्या भिंतींवरच्या जाहिराती त्याला "गुप्तरोग तज्ज्ञा"कडे ओढतात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. लघवीतला तो पांढुरकेपणा बहुधा जेवणानंतर सुटणाऱ्या फॉस्फेट क्षारांचा असतो. वीर्य गेल्याने शक्ती जात नाही. झोप आणि भूक उडाली असेल तर त्या मुलाला निराशेवर उपचार लागतात, आणि ते रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात मिळतात. दुधासारखी दाट पांढरी लघवी, विशेषतः तेलकट जेवणानंतर, हे मात्र हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होऊ शकतं. नांदेड आणि विदर्भ हे हत्तीरोगाचे भाग राहिले आहेत. तिथे राहून आलेल्याने रात्री रक्त तपासून घ्यावं.

बायकांच्या अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याची किंमत तर त्यांच्या गर्भाशयाने मोजली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती गोळा केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, एवढ्या तक्रारींवर "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" असं सांगितलं गेल्याचं कित्येकींनी सांगितलं. वस्तुस्थिती अशी की दोन पाळ्यांच्या मध्ये पातळ, पांढरं, वास नसलेलं जाणं नैसर्गिक आहे. दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी, पिवळं-हिरवं आणि दुर्गंधीचं असेल तर जंतुसंसर्ग. दोन्हींवर थोड्या दिवसांचं औषध पुरतं, जंतुसंसर्गात काही वेळा नवऱ्यालाही सोबत घ्यावं लागतं. पांढऱ्यासाठी पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नये.

लाल मात्र सोडू नये. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणं असू शकतात. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने १ लाख ३० हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूची चाचणी केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे त्यातून २००९ मध्ये जगासमोर आलं. जगभरच्या धोरणांना आधार देणारा हा पुरावा आपल्या शेजारच्या खेड्यांतल्या बायकांनी दिला. तिशी ओलांडलेल्या परभणीच्या बाईने ही तपासणी मागून घ्यावी, लक्षण दिसायची वाट पाहू नये.

पेरणी आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांतला एक रंग उरला. घोणस किंवा फुरसं चावल्यावर हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल किंवा काळपट होते. रक्त गोठण्याची शक्तीच विषाने संपवलेली असते. चावा छोटा असला, दुखत नसलं, तरी रुग्णालयात नेऊन काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून ते गोठतं का पाहतात आणि लागेल तसं प्रतिविष देतात. पाय करकचून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं, हे सगळं टाळून १०८ क्रमांकाला फोन करायचा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. डांबरासारखं शौच आणि चक्कर, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, बाळाची हिरवी उलटी, यांनाही तोच क्रमांक.

ज्यांच्यासाठी वर लगेच धावायला सांगितलेलं नाही, त्या बाकी रंगांसाठी एका दिवसाचा अवकाश असतो, तो नीट वापरावा. रंग कधीपासून बदलला, त्याआधी दोन दिवस काय खाल्लं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, ताप-दुखणं-वजन घटणं आहे का, हे कागदावर लिहून न्यावं. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, झाडपाल्याच्या पुड्यांसकट, पिशवीत घालून न्यावीत. ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टरांसमोर जेमतेम दोन मिनिटं मिळतात. त्यात "अशक्तपणा आहे" एवढंच सांगून परत फिरू नका. "शौच काळं होतंय", "लघवीत रक्त दिसलं", "अंगावर लाल जातंय" हे पहिल्याच वाक्यात सांगा. बाईला पुरुष डॉक्टरांपुढे बोलणं जड जात असेल तर आशाताईला किंवा परिचारिकेला सोबत घ्या आणि तिच्या तोंडून सांगा.